एकाच संध्याकाळचे एकावन्न पाऊस

एप्रिलचा शेवटचा आठवडा लागला की मला दोन प्रकारचे फोन वाढतात, एक लग्नाच्या आमंत्रणांचे आणि दुसरे "आज पाऊस हाय काय गं?" असे. मी हवामान खात्यात नाही, उद्यमबागेत एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बसते, पण विंडी हे हवामानाचं ॲप बघायचा नाद आहे हे घरात, माहेरात, गल्लीत सगळ्यांना कळून चुकलंय त्यामुळं आता सुटका नाही. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच पाहिजे असतं. आणि मे महिन्यात बेळगावात वळवाबद्दल ठाम हो किंवा नाही म्हणणं मोठमोठ्या सुपरकॉम्प्युटरना जमत नाही तिथं मी कोण. पण त्यांच्यावर चालणारं हवामानाचं गणित, म्हणजे मॉडेल, काहीच सांगत नाही असंही नाही हं, भरपूर सांगतं, फक्त आपण जे विचारतो ते सोडून बाकीचं सांगतं.

आधी आमची जागाच बघा कशी आहे. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. मावळतीला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि तिथून घाट उतरला की गोवा, म्हणजे समुद्र तसा दाराशीच. उगवतीला मात्र गोकाक, सौंदत्ती, अथणी, सगळं तापलेलं कोरडं पठार. मेमध्ये दुपारपर्यंत हे पठार भाजून निघतं, मावळतीचा ओला वारा घाट चढून वर येतो, आणि त्याच सुमाराला मराठवाड्यापासून कर्नाटकातून खाली तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा पसरलेला असतो, बातम्यांत रोज ऐकतो तोच. दोन्हीकडच्या वाऱ्यांची जिथं गाठ पडते तिथं हवेला वर जाण्याशिवाय रस्ता उरत नाही. मग तीन-चारच्या सुमाराला उगवतीला ढग फुगायला लागतात आणि तासाभरात अंधारून येतं. आमच्याकडं वळीव बहुतेक वेळा उगवतीकडून येतो आणि मान्सून मावळतीकडून, हे आज्जीलाही माहीत होतं, त्यासाठी ॲप लागत नाही.

आता मॉडेल काय करतं, तर सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडतं. युरोपियन सेंटरचं, म्हणजे विंडीवर ईसीएमडब्ल्यूएफ असं लिहिलेलं असतं ते, त्याचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा. अमेरिकन जीएफएसचा आणि जर्मन आयकॉनचा साधारण १३ चा. आपल्याकडचं भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झालं, त्याचा ६ किलोमीटरचा आहे, म्हणजे या सगळ्यांत बारीक. नऊ किलोमीटर म्हणजे किती, तर टिळकवाडी ते सांबरा विमानतळ जवळपास एकाच चौकोनात. आणि वळवाचा एक ढग तीन-चार, फार तर सात-आठ किलोमीटर रुंद. शहापुरात गटारी तुंबतात आणि सदाशिवनगरात धुरळा उडत असतो हे आपण दरवर्षी बघतो की. मोठ्या भोकाच्या चाळणीतून बारीक कणी जावी तसा हा ढग मॉडेलमधून खाली निसटतो, मॉडेलला तो ढग म्हणून दिसतच नाही. मग ते काय करतं, एवढी उष्णता आहे, एवढी वाफ आहे तर या चौकोनात सरासरी इतका पाऊस व्हायला हवा असा हिशोब लावतं आणि तो पाऊस सगळ्या चौकोनात सारखा वाटून टाकतं. म्हणून ॲपवर नेहमी ते दोन मि.मी., तीन मि.मी. असलं पांचट काहीतरी दिसतं. प्रत्यक्षात कुणाला चाळीस, कुणाला शून्य. तीन मि.मी. पाऊस असा मेमध्ये कुणाच्याच अंगणात पडत नाही.

दुसरं म्हणजे हा हिशोब बऱ्याचदा दुपारी लवकरच पेटतो, मॉडेलमध्ये एक-दोन वाजताच पाऊस सुरू झालेला असतो आणि खरा वळीव येतो चार-पाचला. ही जगभरातल्या मॉडेलांची जुनी खोड आहे. त्यामुळं ॲपवर दोन वाजता ढग दाखवलाय आणि दोनला ऊन आहे म्हणून कुणी वाळवण परत पसरायला घेतलं की माझा जीव वर-खाली होतो.

तेव्हा मी पावसाचं चित्र सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते दवबिंदू, ड्यू पॉइंट म्हणून असतो तो. हवेत खरी वाफ किती आहे ते त्याच्यात कळतं, टक्केवारीतली आर्द्रता तापमानासोबत वर-खाली होऊन फसवते. कोरड्या दिवसांत आमच्याकडं तो बारा-तेरा अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि वीस-एकवीसच्या वर गेला की ओळखायचं आज माल भरलाय. अंगाला कळतंच म्हणा, सकाळी नऊलाच पदर मानेला चिकटतो. मग बघते केप. वर उचलल्या गेलेल्या हवेला आणखी वर जायला किती जोर मिळेल त्याचं हे माप, जूल प्रति किलोमध्ये. हजाराच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, अडीच हजार म्हणजे चांगलंच.

पण एवढ्यावर उड्या मारायच्या नसतात. केप दोन हजार आणि आभाळात कापसाएवढा ढग नाही असे दिवस एप्रिलमध्ये ढिगानं असतात. कारण दीड-दोन किलोमीटरवर गरम कोरड्या हवेचा एक थर बसलेला असतो, खालची हवा तिथवर जाते आणि आजूबाजूच्यापेक्षा थंड पडून परत खाली येते. तो थर फुटेल एवढं ऊन तापलं किंवा कुठून तरी धक्का मिळाला तरच पुढचं सगळं. फुटला तर मात्र उशिरा फुटलेला वळीव सगळ्यात वाईट, दिवसभर साठलेलं सगळं एकदम सुटतं, गारा पडतात त्या अशाच दिवशी. मेमध्ये शून्य अंशाची पातळी साडेचार-पाच किलोमीटरवर असते, आपण आधीच पाऊण किलोमीटर वर बसलोय, गारेला वितळायला वाट तेवढीच कमी.

आणि धक्का कुठून मिळतो हे तर अजूनच अवघड. गोकाककडं एक ढग कोसळतो, त्याच्याखालची गार हवा जमिनीवर आदळून चहूकडं पळत सुटते, आपल्याकडं ती धुळीची वावटळ आणि मातीचा वास घेऊन येते, आणि वाटेत जिथं गरम ओली हवा भेटेल तिथं तिला वर ढकलून दुसरा ढग उभा करते. म्हणजे दुसऱ्या ढगाचा जन्म पहिल्यावर अवलंबून, आणि पहिला नेमका कुठं फुटणार हे सकाळी कुणालाच माहीत नव्हतं. इथं मॉडेलला शिव्या घालण्यात काय अर्थ आहे सांगा.

त्यातून मॉडेलला सुरुवात करायला जी माहिती लागते तीही आपल्या डोक्यावरची फारशी नसते. हवामानाचे फुगे सोडतात ते पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच धरून, आमच्या जवळचा म्हणजे गोव्यातला. गोव्यात वर काय चाललंय आणि सौंदत्तीत वर काय चाललंय यात मधे अख्खा सह्याद्री आहे. बाकी सॅटेलाइटवर भागवायचं. रडारही जवळचं गोव्याचंच, ते घाटाच्या पलीकडून बघतं, उंच वाढलेले ढग त्याला दिसतात, खालचं काय ते डोंगराआड.

बरं, हे असलं गणित पहिल्यांदा हातानं करून बघणारा रिचर्डसन नावाचा इंग्रज. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करता करता त्यानं सहा तासांचा अंदाज कागदावर काढला, तारीखही मे महिन्यातलीच, २० मे १९१०, म्हणजे होऊन गेलेल्या दिवसाचा अंदाज. उत्तर आलं की हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कल वाढणार. प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. आणि या माणसानं १९२२ मध्ये हे सगळं जसंच्या तसं छापलं! मला त्याचं लई कौतुक वाटतं. चूक गणिताच्या पद्धतीत नव्हती, सुरुवातीच्या आकड्यांत होती, हे नंतर लोकांना कळलं. सुरुवातीचे आकडे जरा इकडचे तिकडे झाले की पुढचा अंदाज कसा पार वेगळा होतो ते लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानं साठच्या दशकात दाखवलं, आणि त्याच्यावरूनच आजची एन्सेम्बलची आयडिया पुढं आली.

एन्सेम्बल म्हणजे एकच अंदाज पन्नास वेळा परत काढायचा, दर वेळी सुरुवात थोडी हलवून. युरोपियनवाल्यांचे असे ५० आणि एक मूळ, मिळून ५१. म्हणजे येत्या शनिवारच्या एकाच संध्याकाळचे एकावन्न पाऊस तुमच्यासमोर मांडलेले. माझ्या मते मेमध्ये हाच एक चार्ट बघण्यासारखा आहे, बाकी सगळं करमणूक. पण तो बघतानाही लोक सरासरी बघतात. सरासरी सहा मि.मी. दिसते, वाटतं सहा पडणार. आत जाऊन बघाल तर एकावन्नातल्या तिसेक जणांकडं काहीच नाही आणि उरलेल्यांत कुणाकडं दहा, कुणाकडं पंचवीस. सहा कुणीच म्हणत नाहीये. म्हणून मी मोजते की पाच मि.मी.च्या वर किती जण जातायत, आणि ती संख्या काल किती होती. काल दहा, आज अठरा, उद्या पंचवीस असं चढत गेलं तर मनात नोंद करायची. काल तीस, आज आठ, परत बावीस असं नाचत असेल तर मुकाट दोन दिवस थांबायचं. एका रनवरून, म्हणजे मॉडेलच्या एका फेरीवरून, उड्या मारणारे मला आवडत नाहीत. व्हॉट्सॲपवर रंगीत स्क्रीनशॉट टाकून "महाभयंकर" लिहिणारे तर अजिबातच नाहीत, आणि गंमत म्हणजे तो स्क्रीनशॉट नेहमी चार रनपूर्वीचा असतो.

रनच्या वेळा माहीत असलेल्या बऱ्या. पहाटे साडेपाचच्या माहितीवर चाललेला जीएफएस आपल्याला सकाळी दहाच्या आसपास मिळतो, युरोपियन दुपारी बाराच्या सुमाराला. म्हणजे सकाळी सातला चहाबरोबर जे बघताय ते आदल्या संध्याकाळचं नाहीतर रात्रीचं शिळं.

आता हवामान खात्याच्या अलर्टचं. बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा, १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यात कणकुंबी पण आली, जिथं पावसाळ्यात हातातली छत्री पालथी होते, आणि अथणी पण आली, जिथं टँकरची वाट बघतात. दोघांना मिळून एकच रंग, यलो. हवामान खात्याच्या विभागणीत हा सगळा जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात मोडतो, आणि कोगनोळी टोलनाका ओलांडून कागलला गेलं की मध्य महाराष्ट्र सुरू. त्यांचा इशारा वेगळा, आमचा वेगळा. चंदगडच्या माणसाचा बाजार बेळगावात, दवाखाना बेळगावात, पण आभाळ कोल्हापूर जिल्ह्याच्या खात्यावर. १९५६ पासून आम्हाला अशा गोष्टींची सवय आहे म्हणा. मी सरळ दोन्हीकडचे बुलेटिन बघते. निपाणीसाठी कोल्हापूरचं बघितलेलं बरं, खानापूरसाठी तर मी गोव्याचंही बघते, कारण खानापूरच्या रानाचा पाऊस गदग-विजापूरच्या जातीचा नाही.

बुलेटिनमधल्या भाषेलाही माप आहे हे फार जणांना ठाऊक नसतं. "तुरळक ठिकाणी" म्हटलं की विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" पंचाहत्तरपर्यंत. म्हणजे तुरळक ठिकाणी म्हटलं आणि तुमच्या गल्लीत पडला नाही तर अंदाज चुकला नाही, बरोबरच आला. आणखी एक, पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. बाराच्या संध्याकाळी झोडपलेला वळीव तेराच्या नावावर लागतो. पेपरात "काल पाऊस निरंक" वाचून भांडायला उठायच्या आधी हे लक्षात ठेवावं.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो माझ्या मामांपाशी. त्यांची खानापूर रस्त्याला वीटभट्टी आहे. मेमध्ये शेवटची भट्टी लावायची घाई, आणि खळ्यावर कच्च्या विटा वाळत घातलेल्या, ओळीच्या ओळी. कच्च्या विटेवर वळीव पडला की काय होतं ते जवळून बघायला पाहिजे. आधी वरच्या बाजूला बारीक बारीक खड्डे पडतात, देवीचे व्रण असावेत तसे, मग कोपरे गोल होतात, साच्यातली अक्षरं पुसली जातात, आणि खालची ओळ पाण्यात बसलेली असेल तर ती वरच्या वजनानं पसरून एकमेकींत मिसळते. अर्ध्या तासात वीट होती तिथं नुसता चिखल. त्यात बायकापोरांसकट राबणाऱ्या कामगारांची मजुरी गेलेली असते.

मामांना केप नको, एन्सेम्बल नको. "विटा झाकू काय नको तेवढं सांग पोरी, बाकीचं तुझ्याजवळच ठेव." पहिल्यांदा मी त्यांना टक्के सांगायची, तीस टक्के आहे मामा. ते म्हणायचे, म्हणजे नाही की. मग एकदा आम्ही बसून हिशोब केला, अकाउंट्सवाली भाची असल्याचा तेवढा तरी उपयोग. समजा ताडपत्री ओढायला आणि सकाळी परत काढायला दोन माणसांची जादा मजुरी आठशे रुपये. झाकलं नाही आणि पडला तर नुकसान समजा आठ हजार. म्हणजे दहापैकी एकदा जरी पडायची शक्यता असेल तरी झाकणं बरोबरीत सुटतं, त्याच्यावर फायद्यातच. तीस टक्के म्हणजे त्यांच्यासाठी डोळे झाकून हो. तोच तीस टक्के माझ्या मैत्रिणीच्या घरच्या लग्नाला लावा, मांडव मोडून हॉल घ्यायचा तर लाखाच्या घरात खर्च, आणि पडलाच तर फार तर पाऊण तास पाहुणे ओसरीवर कोंबून उभे राहतील, जेवणाची पंगत उशिरा बसेल. तिथं तीस टक्क्याला मी सरळ नको म्हटलं, करा मांडवातच. एकाच दिवशी, एकाच चौकोनात, दोघांना उलटी उत्तरं. मामांना हे कळल्यावर ते म्हणाले, तू राजकारणात जा.

शिवजयंतीचं वेगळंच. बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेची परंपरा, त्यामागोमाग चित्ररथांची मिरवणूक, ऐन वळवाच्या हंगामात. मंडळाची पोरं महिनाभर राबून देखावे करतात आणि मिरवणुकीच्या दिवशी दुपारी तीनला आभाळ येतं. तेव्हा मी टक्के मोजत नाही, फक्त एवढंच सांगते की मेमधला वळीव उन्हावर चालतो, सूर्य बुडाला की त्याचा जोर ओसरत जातो, रात्री दहा-अकरानंतर सहसा मोकळं होतं. चित्ररथ तसेही रात्रभर चालतात. थर्माकोलवर प्लास्टिक आणि मोटरींच्या वायरी उंचावर, एवढं केलं की पुरतं.

दुपारी तीननंतर मॉडेल मिटून ठेवायचं. मग सॅटेलाइटचं चित्र, रडार, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आणि गच्ची. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा नाउकास्ट देतं तो बघायचा. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं, तेवढे किलोमीटर. भागाकार दहाच्या आत आला की गच्चीवरून खाली, वाळवण गेलं उडत. शेतात असाल तर झाडाखाली उभं राहायचं नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं आणि दरवर्षी आपल्याच भागातल्या बातम्या येतात.

पण हे सगळं वळवाचं झालं. समुद्रात मोठी सिस्टीम तयार झाली की खेळ बदलतो आणि तेव्हा मात्र मॉडेलचं ऐकायचं. मे २०२५ आठवा. अरबी समुद्रात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र, त्याचं डिप्रेशन होऊन २४ मेला रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि दोन दिवसांत मुंबईत. ती सिस्टीम शेकडो किलोमीटरची, ती चाळणीतून निसटत नाही. अशा वेळी एकावन्नातले बहुतेक जण एकाच सुरात बोलतात, पाऊस दुपार-संध्याकाळ बघत नाही, मावळतीकडून रात्रंदिवस येतो, आणि केप बघून काही उपयोग नसतो. चार्टवर रोज दुपारी वर येणारी पावसाची टोकं जाऊन सलग पट्टा दिसायला लागला की समजायचं वळवाचे नियम गुंडाळून ठेवायचे.

सध्या भावाचा जीव तिथंच अडकलाय. त्याचं धूळवाफेचं भात, म्हणजे मान्सूनच्या आधी कोरड्या मातीत पेरायचं. वळवानं एक-दोनदा भिजवून मशागत झाली पाहिजे, मग रोहिणी लागली की चार-पाच दिवस कोरडे मिळाले पाहिजेत, कुरी चालवून बी मातीत पडलं की मग काय तो पाऊस येऊ दे. मधेच मोठा पडला तर वरची माती दबून कडक होते आणि कोंब आतच राहतो. दरवर्षी पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघणारे आमचे बाबा यंदा मला विचारतायत, यातच सगळं आलं. जीएफएस दहा दिवसांवर अरबी समुद्रात वादळ दाखवतंय, पण त्याची ती सवयच आहे, मे लागला की दहा-बारा दिवसांवरचं वादळ तो हमखास काढतो आणि बहुतेक वेळा ते पुढंपुढं सरकत नाहीसं होतं. युरोपियनमध्ये एकावन्नातले सहा-सात जण तसलं काहीतरी म्हणतायत, बाकीच्यांकडं नुसती दुपारची टोकं. मी भावाला सांगितलंय, ट्रॅक्टर सांगून ठेव पण बी अजून काढू नकोस, सहा-सातचे वीस झाले तर पेरणी पुढं, तसेच राहिले तर सोमवारी सुरू कर. तो म्हणतोय ट्रॅक्टरवाला सोमवार सोडून दुसरा दिवस देत नाही.